प्रसादानंतर चूळ न भरणाऱ्या राणीची कहाणी

ऐक गे दंतमाउली, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही पुढे सरकून बसा! आटपाट नगरी होती, दुधातुपाची. तिथली राणी मोठी भाविक. रोज निजताना देवापुढचा पेढा खाई, लेकीला, कुंदकळीला भरवी, आणि दोघी तशाच निजत. दासी म्हणे, "बाईसाहेब, चूळ भरा." राणी म्हणे, "चूळ भरली तर प्रसाद धुऊन जाईल, पुण्य वाहून जाईल!" ऐकलंत का गे हे पुण्य!

मग काय झालं? राणीची दाढ किडली, दाढ गेली. मग दात किडले, दात गेले. मग कुंदकळीचे दुधाचे दात काळे पडले. दात ठणकत, पोर रडे, घास गिळेना, निजेना. राणीच्या काळजाचं पाणी झालं. देवळात गेली, दंतमाउलीचे पाय धरले. "आई, माझे गेले ते गेले. माझ्या लेकीचे राख!"

मूर्तीतून आवाज आला, "राणी, प्रसाद पोटात जातो, तो का धुतला जातो? दाताला चिकटतं ते नुसतं गोड, त्यानंच कीड लागते. लेकीचे दुधाचे पडतील, नवे येतील. त्यांच्यासाठी वसा घे."

"कोणता वसा घेऊ? उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"सकाळी उठावं, निंबाची काडी चावून मऊ कुंचा करावा. दात बाहेरून घासावे, आतून घासावे, चावतो त्या अंगानं घासावे. जीभ घासावी. हिरडीवर जोर करू नये, घाई करू नये. रात्री प्रसाद खाऊन पुन्हा घासावे, मग पाण्यावाचून काही तोंडात घालू नये."

राणीनं वसा घेतला, लेकीकडून करवला. थंडी पडली, घासले. ताप आला, घासले. दिवाळीचे लाडू खाऊन डोळे मिटत होते, तरी घासले! मग काळे दात पडले, नवे आले. मग कुंदकळी वाढली, लग्न ठरलं.

मांडवात विडा तोडायची वेळ झाली. नवरदेवानं विडा दातांत धरला. वरपक्षाच्या बायका कुजबुजल्या, "आईच्या तोंडाचं बोळकं, लेकीचं काय निराळं असणार?" कुंदकळी पुढं झाली, विड्याला दात लावले, आणि कट्कन तुटला गे बाई तुटला! मोठा तुकडा हिच्याच दातांत! चौघडा झडला. राणीनं तोंडावरचा पदर काढला, आणि भर मांडवात बोळकं उघडून खदाखदा हसली.

जशी माउली कुंदकळीला पावली, तशी तुम्हां-आम्हांला, आपल्या लेकराबाळांना पावो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.