केरोबाची आरोळी

फार लांब जायला नको. आपल्याच डोंगराच्या मागे एक जंगल होतं आणि त्या जंगलात वाघ राजा होता. निवडून आलेला हो! उमेदवार एकच असायचा, पण मतदान अगदी गुप्त. कुणी मत दिलं नाही, हे फक्त वाघाला कळायचं.

त्या जंगलात वानरांचा आणि चितळांचा जुना शेजार. वानरांनी झाडावरून कोवळा पाला खाली टाकायचा, चितळांनी तो खायचा. चितळांचं नाक तिखट, वानरांची नजर लांबची. गवतात पट्टे हलले की वरून वानरानं खॅक्कन ओरडायचं आणि खाली चितळांनी शेपट्या वर करून पळायचं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, आजा-पणजापासून चालत आलेलं होतं.

केरोबा नावाचा म्हातारा वानर एका जांभळीवर बसायचा. एके सकाळी हौसा नावाची चितळीण पाडसाला घेऊन त्या जांभळीखाली चरत होती. केरोबाला पट्टे दिसले. तो ओरडला, हौसा उधळली, पाडस वाचलं आणि महाराज उपाशी राहिले. झालं! एवढाच काय तो गुन्हा.

दुपारी प्रधान तरसरावांनी सभा घेतली. तरसरावांचं घर महाराजांच्या उष्ट्यावर चालायचं, त्यामुळे त्यांचा राग अगदी पोटातून आलेला होता.

"बंधू-भगिनींनो, महाराज म्हणजे कोण?"

"जंगल!"

"मग महाराज उपाशी म्हणजे कोण उपाशी?"

"जंगल!"

"आणि जंगलाच्या तोंडचा घास काढणारा कोण?"

"द्रोही! द्रोही!"

सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? चितळं! अरे, तो घास म्हणजे तुम्हीच की रे, गाढवांनो! पण सांगतो कोण आणि ऐकतो कोण. हौसासुद्धा ओरडली. आधी हळू ओरडली, मग शेजारीण बघतेय म्हटल्यावर मोठ्यानं.

द्रोहाला शिक्षा होती झाडउतार. म्हणजे जन्मभर जमिनीवर राहायचं. आता ज्या जमिनीवर वाघ हिंडतो, तिथं म्हाताऱ्या वानराचा जन्म असून असून किती असणार?

खटला साळिंदरशास्त्र्यांपुढे उभा राहिला. अंगावर काटे असल्यामुळे त्यांना दाबायला सहसा कुणी जात नसे. त्यांनी जुना कायदा सगळ्यांना ऐकवला. "राज्याच्या वैऱ्याला नदी ओलांडायचा उतार दाखवणं, नाहीतर राजाला उलथायला नखं-शिंगं उगारणं, याला द्रोह म्हणावं. दुसऱ्या कशालाही म्हणू नये." मग ते तरसरावांकडे वळले.

"प्रधानजी, यानं नदीपलीकडच्या रानकुत्र्यांना उतार दाखवला?"

"नाही. पण ओरडला."

"महाराजांवर दात उगारले?"

"त्याला दात आहेत कुठं? पण ओरडला ना!"

"ओरडणं कायद्यात नाही."

"जनतेच्या मनात आहे!" तरसराव म्हणाले आणि टाळ्यांनी पाखरं उडाली.

शास्त्र्यांनी काटे जरा सैल केले. "बरं, पण परवा रानकुत्री अलीकडच्या काठावर दिसली म्हणतात. त्यांना उतार कुणी दाखवला?"

"मीच दाखवला की! मैत्रीचा करार आहे तो. शिकारीत निम्मी भागी." तरसराव छाती काढून म्हणाले. पुन्हा टाळ्या. शास्त्र्यांनी एकदा तरसरावांकडे बघितलं, एकदा आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "तो खटला माझ्यापुढे नाही."

शेवटी केरोबाला विचारलं, तुला काय सांगायचंय.

"मी महाराजांविरुद्ध नाही ओरडलो शास्त्रीबुवा. हौसासाठी ओरडलो. तीपण प्रजाच आहे ना?"

हौसा खाली मान घालून गवत शोधायला लागली. तिथं गवत नव्हतं.

शास्त्र्यांनी केरोबाला निर्दोष सोडलं. म्हातारा आनंदानं जांभळीवर चढला आणि मूठभर कोवळा पाला तोडून त्यानं खाली टाकला. कुणी तोंड लावलं नाही.

"कायद्यानं सुटला म्हणून काय झालं? द्रोही तो द्रोहीच!" कळपातली तरणी चितळं म्हणाली. त्यांनी सगळ्यांना शपथ घातली की द्रोह्याची हाक ऐकायची नाही. हाक ऐकून जो पळेल, तोही द्रोही.

थोडे दिवस गेले. पुन्हा एका सकाळी केरोबाला पट्टे दिसले, जांभळीच्या अगदी जवळ.

"हौसा, पळ! अगं, पळ!"

हौसाचे कान ताठ झाले. पाडस तर उडी मारायच्या बेतात होतं. तिनं आजूबाजूला बघितलं. सबंध कळप जागच्या जागी उभा होता आणि आधी कोण पळतंय ते डोळ्यांत तेल घालून बघत होता.

"केरूभाऊ, ओरडू नका हो," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत." आणि तिनं मानेनं पाडसाला दाबून धरलं. स्वतःच्या पाडसाला!

केरोबा घसा फुटेस्तोवर ओरडत राहिला. महाराजांना त्या दिवशी धावावं लागलं नाही. ते चालत आले.

संध्याकाळी मोठी सभा झाली. जंगलासाठी देह ठेवणाऱ्या पाडसाला तरसरावांनी ढेकर आवरत श्रद्धांजली वाहिली. हौसाच्या गळ्यात वीरमाता म्हणून रानफुलांचा हार घातला. ती हारासकट तशीच उभी राहिली, कुणी बस म्हणेपर्यंत.

मागून कुणीतरी साळिंदरशास्त्र्यांना विचारलं, द्रोहाचा तो जुना कायदा आता बदलणार का? शास्त्री म्हणाले, "छे, कशाला? आता त्याची गरजच पडत नाही."