रिकामा कोनाडा

"काढलं म्हणजे? फेकून दिलं का?" महालिंग महाराजांनी विचारलं.

पहिल्या एसटीनं वीरभद्रप्पा मठात आले होते, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि हात पुढं केला.

रुमालात त्यांच्या मुलाचं, संगमेशचं इष्टलिंग होतं. दीक्षेच्या दिवशी गुरूनं गळ्यात बांधायचं आणि मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, असं ते लिंग. संगमेश लहान असताना याच महाराजांनी ते त्याच्या गळ्यात बांधलं होतं.

महाराजांनी लिंगाकडं पाहिलं. पण शालीतून हात काही बाहेर काढला नाही.

"पुण्याहून सुट्टीला आलाय," वीरभद्रप्पा म्हणाले. "आज पहाटे पूजेला बसलो. भस्माची डबी घ्यायला कोनाड्यात हात घातला, तर हे हाताला लागलं."

"विचारलंस त्याला?"

"झोपला होता. आणि विचारायचं काय, महाराज? दिसतंयच की!"

"हं…"

वीरभद्रप्पा म्हणजे तालुक्यातलं वजनदार माणूस. पोरांवर धर्माचे संस्कार कसे करावेत, यावर समाजाच्या प्रत्येक मेळाव्यात बोलून त्यांनी लोकांना भरपूर जांभया आणल्या होत्या. कुणाचा मुलगा भस्माशिवाय दिसला, की बापाला भर बाजारात अडवायचे. आज वाटभर ते सगळे बाप त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"लोकांची भीती वाटते?" महाराजांनी विचारलं.

"वाटते. खोटं कशाला बोलू? पण…" त्यांचा आवाज चिरकला. "मी मेलो की आपल्या रीतीनं मला मातीत बसवून पुरतील. तेव्हा माझं लिंग माझ्या तळहातावर लेकानं ठेवायचं. ज्यानं स्वतःचं उतरवलं, तो माझं कसं ठेवील? गाडीत बसल्यापासून हेच चाललंय डोक्यात."

अंगणात कुणीतरी बेलाची पानं धूत होतं. तेवढाच पाण्याचा आवाज…

"तुझी पूजा झाली आज?"

वीरभद्रप्पांची मान खाली गेली. "नाही. अर्ध्यावर टाकून उठलो."

"मग, मी काय करू म्हणतोस?"

"हे मठात ठेवून घ्या. ज्याला किंमत नाही, त्याच्याकडं नको. त्याला तुमच्यापुढं आणून उभा करतो. चांगला खडसावा. नाक घासून मागू दे, मगच परत बांधा." त्यांनी हात आणखी पुढं केला. "घ्या, महाराज."

शालीतला हात हलला नाही.

एवढंसं ते लिंग, पण वीरभद्रप्पांचा हात भरून आला. खाली ठेवायची सोय नव्हती, आणि समोरचा घ्यायला तयार नव्हता.

"दोरा बघ," महाराज म्हणाले.

"दोरा?"

"ज्यात बांधलं होतं, तो. कापलाय का?"

वीरभद्रप्पांनी सकाळपासून ते नीट पाहिलंच नव्हतं. त्यांनी चष्मा वर सरकवला. दोरा अख्खा होता, लिंगाभोवती हळुवार गुंडाळून त्याचं टोक आत खोचलेलं होतं.

"कापला नाही. गाठ सोडलीय."

"ती गाठ मी मारली होती. वर्षानुवर्षं घामानं भिजून आवळलेली. सोडवायला बराच वेळ बसला असेल पोरगा."

वीरभद्रप्पांच्या डोळ्यांपुढं उगाचच संगमेशची बोटं आली. लहानपणी बुटाची नाडी सुटेना म्हणून तो रडायला बसायचा. तेव्हा ते खाली वाकून नाडी सोडून द्यायचे… आणि ही गाठ सोडताना घरात कुणालाच पत्ता नव्हता.

"कोनाडा कुणाचा?" महाराजांनी विचारलं.

"माझा. माझ्या पूजेचा."

"तू रोज तिथं हात घालतोस, हे त्याला माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? माझ्या मांडीवर बसून पूजा बघायचा तो. भस्माची डबी तोच काढून द्यायचा मला."

बोलता बोलता वीरभद्रप्पा थांबले.

"म्हणजे मलाच सापडावं म्हणून… मग तोंडानं बोलला का नाही माझ्याशी?" ते पुटपुटले.

महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"बाजारात दुसऱ्यांच्या पोरांना काय बोलतोस, ते त्यानं ऐकलं असेल."

वीरभद्रप्पांनी पुढं केलेला हात हळूहळू मागं घेतला. रुमाल मिटला आणि छातीशी धरला.

"वीरभद्रा… आत्ता त्या कोनाड्यात काय आहे?"

"काही नाही. भस्माची डबी आहे, आणि…"

त्यांनी छातीशी धरलेल्या रुमालाकडं पाहिलं. चेहऱ्याचा रंग उतरला.

महाराजांनी पहिल्यांदाच शालीतून हात बाहेर काढला आणि दाराकडं केला.

"मग इथं काय बसलास? पोरगं उठलं असेल. आधी त्या कोनाड्यातच बघेल."