राणूचं पांघरूण

खडकुलीच्या तलावाचा बांध चढून गेलं की मधोमध, पाणी सोडायच्या मोरीच्या तोंडावर, एक लांबरुंद काळी शिळा आडवी बसवलेली दिसते. तिच्या कडेला दोरांच्या घासण्यानं पडलेल्या खाचा आहेत. त्यांत बोट घातलं तर पेरभर आत जातं. या शिळेला गावात राणूचं पांघरूण म्हणतात.

पाहुण्यांना ते नाव ऐकून हसू येतं. मग कानकोंडं होऊन ते तोंडावर हात धरतात. गावातले म्हातारे सिदूआबा त्यांना म्हणतात, "हसा की. इथं हसल्यालं चालतं. चपला तेवढ्या काढा." आणि शिळेच्या टोकाला टेकून सांगायला लागतात.

हा बांध बांधला तेव्हा खडकुलीत सगळी दगडाचं काम करणारी माणसं होती. डोंगरातून दगड फोडायचा, गोल ओंडक्यांवर चढवायचा आणि दोर लावून ओढत आणायचा. ओढणाऱ्यांच्या बाजूनं एक जण चाले. तो दोराला हात लावत नसे, ओढायची हाक देई. त्याला हाकाऱ्या म्हणत. राणू हा त्या टोळीचा हाकाऱ्या होता, आणि तसा हाकाऱ्या पुन्हा झाला नाही, असं सांगतात.

राणू देवाचं नाव घेऊन हाक देत नसे. तो माणसांची टर उडवी. कुणाच्या मिशा, कुणाची सासुरवाडी, काही सोडत नसे. त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे त्याचा धाकटा भाऊ भिवा.

"भिवा जेवायला पुढं, ओढायला मागं! बघा रं, दोर धरलाय का दोराला लोंबकळलाय!"

टोळी खदाखदा हसे. हसून झालं की माणूस छातीभर श्वास घेतो, आणि सगळे एकदम हसले की तो श्वासही सगळे एकदम घेतात. नेमका तेव्हा राणू ओरडे, "हां, ओढ!" आणि दगड चाले. खडकुलीच्या लोकांना दगड ओढायची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. हात सोललेले असत, खांदे सुजलेले असत, पण संध्याकाळी घरी जाताना त्यांना दुखणं आठवत नसे, राणूचं बोलणं आठवे.

राणूची टर उडवणारं एकच माणूस होतं, त्याची बायको तान्ही. राणू झोपला की मेल्यासारखा झोपे. तान्ही पाणवठ्यावर सांगे, "आमच्या ह्यांना उठवायचं म्हंजे गाव गोळा करावं लागतं, बायांनो."

शेवटची शिळा मोरीवर बसवायची होती. ती बांधावर चढत असताना दोर तुटला. शिळा मागं घसरली, वळली आणि बाजूनं चालणारा राणू तिच्याखाली गेला. त्याला ओरडायलाही वेळ मिळाला नाही म्हणे.

भिवानं काय केलं? तो शिळेवर धावून गेला. बुक्क्या मारल्या, लाथा मारल्या, पायाची नखं फुटली तरी थांबेना. शेवटी टोळीचा म्होरक्या येसू नाईक यानं त्याला कमरेत मिठी घालून बाजूला ओढलं. तान्ही धावत आली आणि शिळेपाशी मटकन बसली. ती रडतही नव्हती.

आता शिळा उचलल्याशिवाय राणूला अग्नी मिळणार नव्हता. दिवस कलला होता. डोंगरात तरस होते. नाईकानं नवे दोर लावले, पहारी घातल्या आणि बजावलं, "आज कुनी दात काढायचं न्हाईत. मढं हाय खाली. देवाचं नाव घ्या."

सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं आणि ओढलं. शिळा हलली नाही. पुन्हा ओढलं. कुणाला हुंदका आला, कुणाचा हात सुटला. रडताना ज्याचा त्याचा श्वास वेगळा असतो. एक ओढी तेव्हा दुसरा डोळे पुशी. ज्यांनी अख्खा डोंगर खाली आणला होता, त्यांना आपल्याच माणसावरचा दगड हलेना. बाप्ये दोर टाकून खाली बसले.

भिवा बघत होता. त्याला राग आला. नाईकाचा आला, देवाचा आला, आणि सगळ्यांत जास्त राणूचा आला. काय बोलतोय हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. तो शिळेपुढं उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"दादा! ऊठ की आता! घरात घोंगडी नव्हती का, म्हनून धोंडा पांघारलास?"

नाईक त्याच्या अंगावर धावला. "भिवा, जीभ आवर!"

पण भिवा थांबला नाही. "वयनी सांगत हुती ते खरं रं बाबा! ह्याला उठवायला गाव गोळा केलं, दोर लावलं, तरी गडी उठंना!"

मग तान्ही हसली. डोळ्यांतून धार लागली होती आणि ती पोट धरून हसत होती. तिच्यामागून एक हसला, दुसरा हसला, नाईकाच्याही मिशा थरथरल्या. सगळी टोळी रडत रडत हसली. मग हसू ओसरलं आणि सगळ्यांनी एकदम छातीभर श्वास घेतला.

"हां, ओढ!" भिवा ओरडला.

आवाज हुबेहूब राणूचा होता, असं सांगतात. शिळा उठली. भिवानं आत शिरून भावाला दोन्ही हातांनी बाहेर घेतलं.

दारातून तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा खांदेकऱ्यांना पुन्हा रडू फुटलं आणि ती उचलेना. तेव्हा मान खाली घालून येसू नाईकच म्हणाला, "भिवा, हाक दे लेका."

भिवानं डोळे पुसले. "संभाळून न्या रं. मधीच जागा झाला तर आधी भाकरी मागंल."

तिरडी उचलली गेली. पुढं भिवाच्याच हाकेवर ती शिळा मोरीवर चढली, आणि तिथून ती तसूभरही हललेली नाही. वरून कितीही पाणी आलं तरी खडकुलीचा बांध फुटत नाही.

एवढं सांगून सिदूआबा शिळेवर हात फिरवतात. आजूबाजूची गावं खडकुलीला नावं ठेवतात, म्हणतात, मयताला हसणारी माणसं. ठेवू देत. आजही खडकुलीत मेलेल्याच्या पाठच्या भावंडानं त्याची एक टर उडवल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. भावंड नसलं तर ज्याचा जास्त जीव होता त्यानं. कधी कधी धाकट्याला शब्दच फुटत नाही. तो तिरडीपाशी उभा राहतो, तोंड उघडतो, मिटतो. तेव्हा कुणी त्याला घाई करत नाही, कुणी त्याच्या वतीनं बोलत नाही. ऊन चढो, सावली फिरो, तो सगळ्यांना हसवीपर्यंत अख्खं गाव तिथंच उभं राहतं.