महाराजांची लाल शाई

इंग्रज रेसिडेंट साहेब यायला उरले आठ दिवस आणि महाराज अजून 'वुई ॲम हॅपी'वरच अडून बसलेले!

नांदगिरीच्या धैर्यशीलराव महाराजांचं म्हणणं अगदी सरळ होतं. राजा काही स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. म्हणून 'वुई'. आणि 'आर' लागतो पुष्कळ माणसांना. महाराज तर एकटेच, म्हणून 'ॲम'! शिवाय नांदगिरीचा रिवाज असा, की महाराज बोलतील ते अख्ख्या दरबाराने एका सुरात म्हणायचं. त्यामुळे दिवाणजीही 'वुई ॲम दिवाण' म्हणत हिंडू लागले.

महाराजांना इंग्रजी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या घैसास मास्तरांना मात्र राहवेना. ते म्हणाले, "महाराज, चुकलं." झालं! मास्तरांची रवानगी थेट कोठडीत!

"आठ दिवसांत आम्हाला बिनचूक इंग्रजी आलं पाहिजे!" महाराज गरजले. "पण आम्हाला कुणी शिकवायचं नाही आणि आमची चूक कुणी दाखवायची नाही! जमलं नाही, तर साहेबांच्या देखत मास्तरांची गाढवावरून धिंड!"

"धिंड!" दरबार म्हणाला.

बाहेर ओसरीवर बसून पंखा ओढणाऱ्या भिवराने ते ऐकलं. पंख्याची दोरी ओढता ओढता दाराआडून ती सारे धडे ऐकायची. मास्तरांना ते कळलं होतं. तेव्हापासून ते मुद्दाम मोठ्याने शिकवत आणि जाता जाता तिला अक्षरंही गिरवायला देत. अशा देवमाणसाची धिंड? भिवराने दोरी सोडली आणि ती तडक आत गेली.

"सरकार, येक अर्ज हाय. मला विंग्रजी शिकवा!"

"आम्ही? तुला?"

"मास्तर तर कोठडीत. आता राज्यात तुमच्यावानी विंग्रजी येतंय कुणाला?"

हे मात्र महाराजांना नाकारता येईना. "पण शिकवायचं म्हणजे करायचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय बी न्हाई, जी! मास्तरांच्या पुस्तकातल्या गाळलेल्या जागा मी वहीत भरायच्या. चुकल्या की तुमी लाल शाईनं फुली मारायची. उत्तरं पुस्तकाच्या मागल्या पानावर हायेत. मास्तर बी तितंच बघत्यात."

लाल शाई! फुल्या! महाराजांचे डोळे लकाकले.

पहिल्या दिवशी भिवराने वीस जागा भरल्या आणि वीसच्या वीस चुकवल्या. महाराजांनी इतक्या आनंदाने कधी शिकारही केली नव्हती.

"'वुई ॲम'? फुली! मागे 'आर' छापलंय, दिसत नाही?"

"पर मानूस येकटंच आसलं तर, जी?"

"एकटं असो नाहीतर पलटण! 'वुई'शेजारी 'आर'च बसणार!"

"आरच बसणार!" दरबार म्हणाला.

चौथ्या दिवशी महाराजांनी मागलं पान उघडणंच सोडलं. सहाव्या दिवशी भिवराने एकच चूक घातली, तीही पार तळाशी, कोपऱ्यात. महाराजांनी ती टिपली आणि मांडीवर थाप मारली. वही तपासल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना.

आठव्या दिवशी साहेब आले. महाराज उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वुई आर व्हेरी हॅपी! यू आर अवर गेस्ट! धिस इज अवर पॅलेस!" साहेबांनी टोपी काढली. "वंडरफुल!" म्हणाले. "तुमचे मास्तर कोण?"

महाराज बोलायला गेले आणि थबकले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"भिवरे! इकडे ये! आमची चूक कुणी दाखवायची नाही, असा हुकूम होता. तू तो मोडलास!"

मास्तरांची धिंड डोळ्यांपुढे होती, पण भिवराची जीभ काही अडखळली नाही!

"म्यां? सरकार, चुका तर समद्या माझ्याच वहीत! तुमची येक तरी दावली का?"

"मग आम्हाला शिकवलं कुणी?"

"कुनीबी न्हाई, जी! तुमी मला शिकीवलंत. तुमच्यापाशी बसून मी आपली चुकत ऱ्हायले!"

महाराज असे खदाखदा हसले, की पगडी कानावर आली. दरबारही हसला, आणि या खेपेला रिवाजाची गरज लागली नाही.

कोठडी तिथल्या तिथे उघडली. मास्तरांच्या खांद्यावर शाल पडली आणि साहेबांशेजारी त्यांचं पान मांडलं गेलं. भिवराच्या हातात महाराजांनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं घातलं आणि भर दरबारात तिला नांदगिरीच्या शाळेची मास्तरीण नेमलं!