राजकवयित्रीचा कंठा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या दरबारी शाल्मली नावाची राजकवयित्री होती. तिच्या गळ्यात पाचूंचा कंठा होता. वनातल्या कज्जला मांत्रिकिणीने तो घडवला होता. जो कुणी तो घाली, त्याच्या मुखातून मधुर काव्य वाहे. पण आधीच्या राजकवींचंच. कंठ्याला शापच तसा होता.

युद्धात शाल्मलीचा धाकटा भाऊ सुबंधू मारला गेला. तो कसा मेला, ते त्याच्या सोबत्याने तिला एकटीला सांगितलं. तेच सांगायला ती दरबारी उभी राहिली, तर मुखातून निघालं, "रणी झुंजला सिंह, कीर्ती दिगंतात गेली." दरबार डोलला. मागच्या युद्धात मेलेल्यांसाठीही हेच गीत गायलं गेलं होतं.

घरी आई म्हणाली, "यात माझा सुबंधू कुठं आहे?"

शाल्मलीने कंठा ओढला. निघेना. तशीच ती वनात गेली.

"हा उतरव," ती कज्जलेला म्हणाली.

"तीन कामं करशील?"

"करीन."

"तुझी गाजलेली गीतं तळ्यात बुडव."

तिने बुडवली. शब्द माशांसारखे वर आले, "आई, आई" म्हणून रडले. ते तळाशी जाईपर्यंत ती काठावर उभी राहिली.

मग कज्जलेने एक झाड दाखवलं. फांदीफांदीवर साळुंक्या, आणि सगळ्या शाल्मलीच्या आवाजात बोलत होत्या. "यातली तुझी कोणती, ते ओळख."

दिवसभर ऐकून शाल्मली म्हणाली, "एकही माझी नाही."

साळुंक्या भुर्रकन उडाल्या, झाड उघडं पडलं.

"आता दरबारी जा. भाऊ जसा मेला तसंच सांग. उसना शब्द आला, तर कंठा गळा आवळील."

शाल्मली दरबारी उभी राहिली. "कमळासारखा..." एवढं म्हणताच कंठ्याने गळा आवळला. तिने तो शब्द गिळला. मग अडखळत म्हणाली,

"सुबंधूला रक्त बघवत नसे. घरचं करडू विकलं, तेव्हा तो जेवला नाही. रणातून तो पळाला. आपल्याच सेनापतीने त्याला पाठीत भाला मारला. चिखलात पडून त्याने आईला हाक मारली. मग राजाला शिवी दिली. मग पाणी मागितलं. कुणी दिलं नाही."

कंठा तुटला. पाचू शेवाळ होऊन फरशीवर सांडले.

राजा म्हणाला, "याला काव्य म्हणतात?"

"नाही महाराज. याला सुबंधू म्हणतात."

"सूर्य मावळायच्या आत राज्य सोड."

शाप फिटला. पुढे त्या राज्यात जो मरे, त्याचं मरण त्याच्याच घरचे सांगू लागले. ऐकवत नसे. पण पुढच्या युद्धाला राजाला माणसं मिळेनात, आणि शेतं पुन्हा नांगरली गेली.

त्या दिवशी दरबाराच्या दारात आईने सारं ऐकलं होतं. सीमेवरच्या नदीपर्यंत ती लेकीबरोबर चालत आली.

"इतके दिवस वाटायचं, कुठंतरी लढतोय," ती म्हणाली. "आज गेला गं."

मग ती पाण्यात उतरली, ओंजळ भरली आणि सुबंधूच्या नावाने पहिल्यांदा पाणी सोडलं.