मठातली धामणीची पिल्लं

"पण बुवा, आज नागपंचमी. मी काही चिरलं नाही, तळलं नाही, जमीन खणली नाही... मग माझं चुकलं कुठं?"

मठाच्या ओसरीवर बसून सोमगिरी बुवा एका मडक्यात वाकून पाहत होते. मडक्यात धामणीची नुकती जन्मलेली पिल्लं होती, आणि ती ओल्या सुतळीसारखी निपचित पडली होती.

विचारणारा त्यांचा शिष्य विश्वंभर. मडकं घेऊन तोच धावत आला होता, आणि धाप लागलेली असतानाही आपलं चुकलेलं नाही हे आधी सांगून मोकळा झाला होता.

पावसाळा सुरू झाला तेव्हा मठाच्या गोठ्याची भिंत खचली आणि गवताखाली धामणीची अंडी उघडी पडली. धामण निघून गेली. या धामणींच्या जिवावर मठातलं धान्य उंदरांपासून वाचत आलं होतं, म्हणून बुवांनी अंडी मडक्यात पालापाचोळ्यावर ठेवली, तोंडाला कापड बांधलं आणि मडकं धान्याच्या खोलीत नेलं. पिल्लं बाहेर आली की पहिली कात टाकेपर्यंत सांभाळायची, मग ओढ्याकाठी सोडून द्यायची, असं ठरलं. सांभाळायचं काम त्यांनी विश्वंभराकडे दिलं. त्याच्याइतकं टापटिपीचं माणूस मठात दुसरं नव्हतं.

आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, मठाची फरशी कशी आरशासारखी आहे. विश्वंभर मान खाली घालायचा, पण ऐकायला जरा रेंगाळायचा.

आज दुपारी गावातल्या बाया मातीचा नाग पुजायला मठात येणार होत्या. विश्वंभरानं पहाटेपासून सगळे नियम पाळले. विळीला हात लावला नाही, चुलीवर तवा चढवला नाही, परसात कुदळ टेकवली नाही. फरशी पुसू नये असं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. एका भक्तानं फिनाईलचा डबा आणून दिला होता. ते बादलीभर पाण्यात टोपणभर घालायचं असतं. सणाचा दिवस म्हणून यानं पाणी घातलंच नाही. धान्याची खोली पुसली. हात थांबेना, म्हणून त्याच फडक्यानं मडकंही पुसलं. तोंडावरचं कापडसुद्धा त्यानं सोडलं नाही. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं कौतुकानं डोकावला, तर पिल्लं तोंड वासून माना वर करत होती. मग एकेक मान खाली पडत गेली...

बुवांनी आधी स्वतःचे हात साध्या पाण्यानं धुतले. मग कोरी टोपली आणवली, तिच्यात विहिरीच्या पाण्यात पिळलेलं सुती कापड अंथरलं आणि एकेक पिल्लू उचलून वाऱ्याच्या बाजूला ठेवलं. तेवढ्यात विश्वंभर वाटीत दूध घेऊन आला. पूजेचंच दूध होतं.

"ते तू पी," बुवा म्हणाले. "साप दूध पीत नाही. तुला पुढं लागेल."

"बुवा, माझं चुकलं कुठं?"

बुवा उठले. त्याला घेऊन धान्याच्या खोलीत गेले. फरशी लखलखत होती.

"कसा वास येतोय?"

"छान," विश्वंभर खालमानेनं म्हणाला. "देवळात आल्यासारखा."

"पालथा झोप."

"आत्ता, बुवा?"

बुवांनी फरशीकडे बोट दाखवलं.

विश्वंभर पालथा झाला. गाल फरशीला लावला. पहिल्याच श्वासाला घशात काहीतरी पेटलं. दुसऱ्याला डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उभ्या माणसाला सुवास वाटणारं ते जमिनीलगत असं दाट साचलं होतं की त्याला श्वास ओढवेना. तो खोकत हातांवर अर्धा उठला.

"उठू का, बुवा?"

"त्यांना उठता आलं नाही."

विश्वंभर पुन्हा खाली झाला...

बऱ्याच वेळानं उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ते फिनाईलनं की कशानं, हे त्याचं त्यालाच कळलं नसतं. त्यानं पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. दार उघडलं, खिडकी उघडली, डबा उचलून मठाबाहेरच्या पडवीत नेऊन ठेवला आणि विहिरीवर गेला. साधं पाणी आणायचं, फरशी धुवायची, पाणी निथळलं की पालथं पडून हुंगायचं. वास आला की पुन्हा विहीर. त्याचं धोतर चिखलानं माखलं, हातांची सालं निघाली. आरशासारख्या फरशीवर आता त्याच्याच गुडघ्यांचे मळकट डाग होते, आणि ते पुसायचं त्याच्या मनातही आलं नाही.

बाया आल्या. खोली ओली, म्हणून ओसरीवरच पाट मांडला. मातीच्या नागाला हळदकुंकू वाहिलं, लाह्या वाहिल्या. पण लक्ष सगळ्यांचं शेजारच्या टोपलीवर होतं. वाऱ्यानं पिल्लांना बरं वाटू लागलं होतं. एक हललं. मग दुसऱ्यानं जीभ बाहेर काढली. एका म्हातारीनं आरती अर्ध्यावर सोडून टोपलीलाच हात जोडले.

सगळ्यांत धाकटं मात्र तसंच पडून राहिलं होतं.

विश्वंभर टोपलीशी येऊन बसला. बुवांनी त्याला हात धुवून यायला सांगितलं. तो धुवून आला, पुन्हा गेला, पुन्हा धुवून आला. मग ते पिल्लू त्यानं तळहातावर घेतलं. ते इतकं हलकं होतं की त्याला हुंदका आला. माझ्यावर विश्वासून दिलं होतं हे, आणि मी ते पुसून टाकलं, असं तो पुटपुटला.

बाया उठून गेल्या. ऊन ओसरीवरून उतरलं. बुवा शेजारी बसून होते.

आणि एकाएकी पिल्लानं मान उचलली, सगळं अंग आखडून घेतलं आणि विश्वंभराच्या अंगठ्याला कडकडून चावलं.

धामणीला विष नसतं. रक्ताचे बारीक ठिपके आले, तेवढंच. पण विश्वंभर त्या ठिपक्यांकडे पाहून लहान मुलासारखा रडायला लागला.

"चावलं, बुवा... मला चावलं."

त्यानं पिल्लाला अलगद टोपलीत सोडलं. ते तिथूनही त्याच्याकडे तोंड करून फुत्कारत राहिलं. विश्वंभरानं रक्ताळलेला हात दुसऱ्या हाताला जोडला, पण ते हात कुणापुढं धरावेत हे त्याला समजेना. आधी तो मातीच्या नागाकडे वळला, मग बुवांच्या पायांकडे वाकला. बुवांनी पाय मागं घेतले.

"मग आभार तरी कुणाचे मानू, बुवा?"

बुवांनी टोपली त्याच्या पुढ्यात सरकवली.

"त्याचेच मान. तुझ्यावर रागवायला उरलं ते."