येसाईचा सांधा

तुमच्या खापरपणजोबांनी ज्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली, त्यांनाही ती जुनीच वाटायची. खडकोंडी गावात येसाई नावाची बाई राहत होती. घरोघरच्या झिजलेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावून द्यायची आणि त्यावर पोट भरायची. पण तिला नाद होता तो भलताच. नदीच्या दरडीतून धारदार, फुटके दगड निघत. गाव म्हणायचं, हे विजेचे दगड, आभाळातून पडतात आणि ज्याच्या घरात राहतील त्या घरावर पुन्हा वीज बोलावतात. लोक ते काठीनं दूर सारत. येसाई ते पदरात बांधून आणायची.

आणून करायची काय? एका तुकड्याचा दुसरा तुकडा शोधायची. वर्ष लागो, पाच वर्षं लागोत. जोडी सापडली की राळ आणि मेण वितळवून असा सांधा धरायची की वरून फिरवलेलं नखही अडकायचं नाही, असं म्हणतात. एकच अर्धा दगड तेवढा बिनजोडीचा राहिला होता, काळाभोर, मधून लाल शीर गेलेला. त्याचा दुसरा तुकडा ती बारा वर्षं शोधत होती.

एकदा हस्ताच्या पावसात वीज पडली आणि पाटलांचा बैल जागीच मेला. सगळं गाव येसाईच्या दारात आलं.

"हे दगड आजच्या आज डोहात टाक," पाटील म्हणाले. "न्हाईतर गाव सोड."

"बैलाचं मलाबी वाईट वाटतं, पाटील. पण हे आभाळातनं पडल्यालं न्हाईत. कुणीतरी हातानं घडवल्यात. मी टाकीवाली हाय, मला घाव वळखू येतो."

कोण ऐकतंय? टाकण्याआधी विजाईला विचारायचं, एवढंच काय ते ठरलं. विजाई म्हणजे गावची देवी, शेंदरानं माखलेला तांदळा, नाक-डोळे नसलेला दगड. पिढ्यानपिढ्यांच्या शेंदराखाली काय आहे, ते कोणीच पाहिलं नव्हतं. येसाई आपला अर्धा दगड उराशी धरून देवळात उभी राहिली. कौल मागायला गुरवानं देवीवर हात ठेवला आणि शेंदराचं कवच खाडकन सुटून खाली पडलं.

आत काळाभोर दगड होता. मधून लाल शीर गेलेली. आणि वरून मोडलेला.

बायकांनी पोरांचे डोळे झाकले, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भंगलेला देव पुजायचा नाही, डोहात सोडायचा, हा तर रिवाज. येसाईचे दगड बुडवायला आलेल्या गावावर आता देवीच बुडवायची पाळी आली होती. बारा वर्षं येसाईनं सारी नदी पालथी घातली, आणि जिच्यापुढे रोज हात जोडले, तिथंच तो तुकडा होता.

ती पुढे झाली आणि हातातला दगड देवीवर ठेवला. तो बसला, आणि टोकदार, धारेचा एक अखंड दगड झाला. ना राळ लागली, ना मेण, असं म्हणतात.

"हे तर हत्यार हाय," गुरव पुटपुटला. "इतकी वर्सं आपण हत्यार पुजत व्हतो?"

"खंडेनवमीला तुमी नांगर पुजता, मी टाकी पुजते," येसाई म्हणाली. "मग आपल्या आधीच्या कुणाचं हत्यार पुजलं, तर बिघडलं कुठं? आता देवी भंगल्यालीबी न्हाई. पाटील, हातात धरून बघा."

पाटलांनी भीतभीत धरलं. दगडात अंगठ्यासाठी एक खळगा होता, त्यात त्यांचा अंगठा बसला. मग गुरवानं धरलं, बायकांनी धरलं, पोरांनी धरलं. लहान असो की मोठा, प्रत्येक अंगठा तिथं नेमका बसला, असं म्हणतात. आपल्याही आधी इथं माणसं होती, त्यांनाही आपल्यासारखेच हात होते, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अंगावर आलेला काटा दिवेलागणीपर्यंत गेला नाही. डोहाचं नाव मग कोणी काढलं नाही.

आजही खडकोंडीत खंडेनवमीला नांगर-कोयत्यांच्या आधी विजाई हातोहात गावभर फिरते. एखादी मूर्ती भंगली, तर उरलेला तुकडा शोधायला वर्षभराची मुदत देतात. दरडीत सापडलेले फुटके दगड येसाईच्या ओट्यावर मांडून ठेवतात, आणि येणारा-जाणारा एखादा उचलून दुसऱ्याला लावून बघतो. देवीला शेंदूर चढवताना मधली बोटभर जागा कोरडीच ठेवतात. नव्या सुनेचं बोट चुकून तिकडे गेलं, की आजूबाजूच्या बायका तिचा हात धरतात आणि म्हणतात, "तिथं नको गं, तो येसाईचा सांधा हाय."